दोन इंचांतल्या चौघीजणी

माझ्या हुद्द्याबद्दल आधीच खुलासा करतो, कारण लोकांचा गैरसमज होतो आणि तो मी होऊ देतो. वराळ्याला आमच्या विहारामागं एक लांबट खोली आहे. तिच्या दारावर ‘ग्रंथालय’ अशी पाटी आहे आणि आत टेबलामागं मी बसतो, म्हणून लोक मला ग्रंथपाल समजतात. प्रत्यक्षात मी तळेगावच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नट, बोल्ट, बेअरिंगं, हातमोजे, पट्टे. निवृत्त झालो त्याच महिन्यात आमच्या समितीचे अध्यक्ष वाघमारे सर घरी आले. ते शाळामास्तर, त्यामुळं साधं बोलणंही फळ्यावर लिहिल्यासारखं. म्हणाले, “गायकवाड, तुम्हाला वस्तू सांभाळता येतात. इतिहास म्हणजे तरी काय, सांभाळलेल्या वस्तूच.”

वाक्य मला इतकं आवडलं की चहा संपायच्या आत मी होकार दिला.

आमच्या ग्रंथालयात कथा-कादंबऱ्या नाहीत. मावळातल्या आमच्या माणसांनी माणूस म्हणून जगायला ज्या ज्या लढाया केल्या, त्यांचे कागद आहेत. सभांची हँडबिलं, मंडळांची इतिवृत्तं, जलशातल्या गाण्यांच्या वह्या, कोर्टाची समन्सं, मेलेली गुरं ओढायची नाहीत म्हणून वस्तीनं केलेला ठराव आणि त्याखाली उमटवलेले अंगठे. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या धान्याच्या कणगीमागं हे पडलेलं होतं. गावोगाव फिरून ते गोळा करायचं, ब्रशानं झाडायचं, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवायचं आणि दाखल नोंदवहीत त्याला नंबर द्यायचा, एवढंच आमचं काम. त्यात चिकटपट्टी वापरायची नसते, हे मला पहिल्या वर्षी अकरा हँडबिलांना चिकटपट्टी लावून झाल्यावर कळलं.

आमच्याकडे कोण येतं? सगळ्यात जास्त येतात पोलीस भरतीची पुस्तकं मागणारे. त्याखालोखाल वायफायचा पासवर्ड मागणारे. एकदा मुंबईहून लोणावळ्याला निघालेलं एक कुटुंब रस्ता चुकून आत शिरलं. मला वाटलं, चळवळीचे अभ्यासक. मी त्यांना पाऊण तास सगळी कपाटं फिरवून दाखवली. बाई मधूनमधून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होत्या, ती मला त्यांची अस्वस्थ जिज्ञासा वाटली. शेवटी गृहस्थ हात जोडून म्हणाले, “काका, हे सगळं ग्रेट आहे, पण बाथरूम कुठं आहे?”

नोंदवही मात्र माझी नमुनेदार होती. प्रत्येक कागदाची लांबी, रुंदी, रंग, घड्या किती, कोपरे शाबूत की कुरतडलेले, कुठल्या रॅकवर, कितव्या खणात. पुण्याचा एक प्राध्यापक ती बघून थक्क झाला होता. त्यानं सहज विचारलं, “आणि यात मजकूर काय आहे?” मी म्हणालो, “तो कागदावर आहेच की.” हे उत्तर मी विनोदानं दिलं नव्हतं. कारखान्यात बेअरिंग कुठल्या यंत्रात बसतं ते स्टोअरकीपरला माहीत नसलं तरी चालतं. तीच शिस्त मी इथं आणली होती. सात वर्षांत मी हजारेक कागद मोजले आणि फार तर पन्नास वाचले.

दुसरा माझा नियम असा की कागदाशिवाय काही मान्य करायचं नाही. कुणी म्हातारं माणूस आठवण सांगायला आलं की मी विचारायचो, “काही लेखी आहे का?” कारखान्यात चिठ्ठीशिवाय मी मॅनेजरला स्क्रू दिला नव्हता, तर इतिहास असा कसा देईन?

आमच्या ग्रंथालयाचं भूषण म्हणजे तळ्याचा फोटो. पवन मावळातल्या एका गावच्या तळ्यावर त्या काळी आमच्या लोकांना पाणी भरायची बंदी होती. धर्मांतराच्या थोडं आधी वस्तीनं ठरवून, दिवसाउजेडी जाऊन ते पाणी भरलं. कार्यकर्त्यांनी लोणावळ्याहून फोटोवाला नेला होता. त्यानं काढलेला हा फोटो. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याचं कारण पुढं येईल. फोटोत अकरा पुरुष आहेत. फेटे, टोप्या, एकाच्या हातात काठी, आणि मागं पाणी चमकतंय. त्यांची नावं मी गावातल्या दोन म्हाताऱ्यांकडून लिहून घेतली होती. येणाऱ्याला फोटोसमोर उभं करून मी भाषण द्यायचो. सुरुवात ठरलेली: “हे अकरा शिलेदार!” शेवटी माझा आवाज भरून यायचा, तोही ठरलेल्या जागी.

या फोटोसाठी कधीमधी पत्रकार यायचे. एकदा मात्र पन्नाशीचा एक माणूस आला, विश्वास नावाचा. पवनेच्या काठाला पर्यटकांसाठी तंबू लावायचा धंदा करणारा. आडनाव सांगितलं तेव्हा मी सावध झालो. तो त्याच गावचा होता, ज्या घरानं तळ्याची बंदी घातली आणि पुढं आमच्या वस्तीवर बहिष्कार टाकला त्या पाटलांच्या घरातला. त्या घटनेवरचं एक हँडबिल आमच्याकडे आहे, ते त्याला वाचायचं होतं. मी काढून दिलं आणि त्याच्या समोर खुर्ची ओढून बसलो. तो वाचत होता, मी त्याच्या बोटांकडं बघत होतो. फाडलं तर? गिळलं तर? मी एकदा उठून खिडकीसुद्धा लावून घेतली. त्यानं दोनदा वाचलं, घडी होती तशी घातली आणि “येतो काका” म्हणून निघून गेला. मी नोंदवहीत लिहिलं: ‘कागद सुस्थितीत परत.’ त्या हँडबिलात आहे काय, हे बघावं असं तेव्हाही माझ्या मनात आलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

गेल्या वर्षी समितीनं त्या तळ्यावर काळ्या दगडाचा फलक लावायचं ठरवलं. अकरा नावं मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली. तळेगावात दगड कोरायला टाकला. त्याच आठवड्यात एका सकाळी काळा चष्मा घातलेली एक म्हातारी मुलीचा हात धरून आत आली. सोनाबाई तिचं नाव, सत्तरीच्या पुढची. राहायला पवनानगरला, पण डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून वराळ्याला लेकीच्या फ्लॅटवर आली होती.

“भाऊ, तळ्याचा फोटू हितं हाय म्हनं,” ती म्हणाली. “डोळा नवा केलाय. म्हनलं, पयला त्योच बघावा. आमच्या जुन्या इहारात व्हता, तवा लय पायलाय.”

मी तिला फोटोसमोर नेलं आणि घसा साफ केला. “हे अकरा शिलेदार...”

“आय कुटंय?” सोनाबाई म्हणाली.

“कोण?”

“माजी आय. चंद्राबाई. हितं, या अंगाला व्हत्या चौघी. घागरी घिऊन. आय पुढं व्हती.” तिनं फोटोच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं फ्रेमची सोनेरी पट्टी होती. तिनं चष्मा काढला, परत घातला, आणि लेकीला म्हणाली, “डाक्टरनं डोळा नीट बशिवला न्हाई गं.”

डोळा व्यवस्थित होता. काय झालं होतं ते मला त्याच क्षणी आठवलं, आणि ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही, म्हणून इथं सांगतो. तळ्याच्या गावचं जुनं विहार पाडून नवं बांधलं, तेव्हा तिथला तो फोटो माझ्याकडे आला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा ओल धरलेल्या. आमच्या ग्रंथालयाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मी तळेगाव स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडं धावलो. तो म्हणाला, “काका, तयार फ्रेमपेक्षा हा दोन इंचांनी रुंद आहे. नवी बनवू का? चार दिवस लागतील.” मी म्हणालो, “उद्या पाहुणे येणार आहेत. डाव्या बाजूनं काप, तिकडं काही नाही.”

तिकडं ओलीनं काळवंडलेलं होतं, हे खरं. चेहरे पुसट होते, हेही खरं. पण लुगड्यांचे काठ दिसत होते आणि घागरी दिसत होत्या. मी ते बघितलं होतं आणि तरी म्हणालो होतो, तिकडं काही नाही.

सोनाबाईला मी खुर्ची दिली आणि पाणी दिलं. एवढं होऊनसुद्धा माझ्या तोंडातून माझं नेहमीचं वाक्य बाहेर पडलं. “मावशी, तुमच्याकडे काही लेखी आहे का?”

“लेखी?” ती माझ्याकडं बघत राहिली. “आयच्या पाठीवर वळ व्हते. बाप्ये काठावर भाषान करीत व्हते. आय म्हनली, भाषान संपंस्तवर पोरं तान्हेली ऱ्हातील. आन् उतरली पान्यात. तिच्या मागनं तिगी. मग बाप्ये उतरले. आठ दिसांनी तिला वाटंत गाठून मारली. ती गेली, वळ बी गेले तिच्यासंगं. तुमाला कागूद कुटनं देऊ?”

ती गेल्यावर मी खोलीचं दार लावलं आणि कापलेली पट्टी शोधायला लागलो. मी काही फेकत नाही हा माझा लौकिक आहे, त्यामुळं ती मिळणार याची खात्री होती. कपाटं पालथी घातली. शेवटी आठवलं: फ्रेमवाल्यानं पट्टी परत दिली होती, आणि चांगला जाड पुठ्ठा वाया कशाला घालवायचा म्हणून मी तिचे तुकडे करून रॅकवरच्या नावांच्या चिठ्ठ्यांना मागून टेकू लावला होता. एकेक चिठ्ठी सोलली. ‘इतर’ असं लिहिलेल्या रॅकच्या चिठ्ठीमागं लुगड्याचा काठ आणि घागरीचं बूड निघालं. ‘किरकोळ’मागं एक कोपर. चेहरे होते तिथं मी खळ इतकी सढळ हातानं लावली होती की कागद सुटताना चेहरे घेऊन सुटला.

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, “मी चार बायका कापल्या.” तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी वाघमारे सरांकडं जाऊन सगळं सांगितलं आणि म्हणालो, “दगडाचं काम थांबवा. चार नावं राहिलीत.”

सर म्हणाले, “एक नाव कळलंय, तेही मुलीनं सांगितलेलं. बाकी तिघी कोण? उद्या कोणीही उठून म्हणेल, माझीही आजी होती. गायकवाड, कागदाशिवाय काही मान्य करायचं नाही, हा नियम कुणाचा?”

“माझा.”

“आठ दिवस काम थांबवतो. कागद आणा.”

आयुष्यात पहिल्यांदा माझी माझ्यासारख्याच माणसाशी गाठ पडली, आणि स्टोअरच्या खिडकीवर चौतीस वर्षं लोक मला मनात काय म्हणत असतील ते समजलं.

आता कागद आणायचा तर कागद वाचायला हवे होते. मी बसलो आणि त्या गावचा गठ्ठा पहिल्यांदा वाचून काढला. विश्वासनं मागितलेलं हँडबिल तिसऱ्या क्रमांकाला होतं. त्यात शेवटून दुसऱ्या ओळीत असं होतं की पाटलांनी फोटोची एक प्रत मिळवली, तीवरून माणसं ओळखून काढली आणि त्यांना शेतावर काम, दुकानात मीठ आणि गिरणीत दळण बंद केलं. म्हणजे फोटोची दुसरी प्रत होती. अख्खी. आणि ती कुठं असेल हे सांगणारा कागद सात वर्षं माझ्या पाठीमागच्या खणात, कोपरे शाबूत अवस्थेत, पडून होता.

मी शेअर जीपनं पवनानगर गाठलं आणि तिथून विश्वासच्या तंबूंवर गेलो. तो पर्यटकांच्या गाद्या उन्हात टाकत होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही.

“काका, त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसून राहिला होता. मी कागद फाडीन असं वाटलं ना?”

“नाही हो, तसं काही...”

“व्हय म्हणा की.”

“व्हय,” मी म्हणालो.

तो हसला आणि गादीवर बसला. मी त्याला कापलेल्या फोटोचं सगळं सांगितलं, काही न लपवता. हँडबिलातली ती ओळ सांगितली. त्याची मान खाली होती.

“ती ओळ वाचायलाच मी आलो होतो,” तो म्हणाला. “आमच्या घरात आजोबांची पेटी आहे. वडील गेल्यावर मी ती उघडली. त्यात हा फोटो सापडला. मागं नावं लिहिलेली. मला वाटलं, आजोबांना या माणसांचं कौतुक होतं, म्हणून फोटो जपला असेल. खरं काय ते बघायला तुमच्याकडं आलो. वाचलं आणि पेटी परत बंद केली.” मग गादीवरून उठत, “आई अजून आहे घरात. तिला विचारावं लागेल. मला दोन दिवस द्या.”

मी दोन दिवस दिले, म्हणजे माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सोनाबाईला बोलावून ठेवलं. मनात धास्ती होती की माणूस आला नाही तर तिला काय सांगू. विश्वास आला. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर वर्तमानपत्र, आत फोटो.

अख्खा. डावीकडं पाण्याच्या कडेला चौघी उभ्या होत्या, ओल्या लुगड्यांनी, भरलेल्या घागरी घेऊन. पुरुष फोटोवाल्याकडं बघत होते. या चौघी मात्र फोटोच्या बाहेर कुठंतरी, बहुधा गावाकडं बघत होत्या. प्रत्येकाच्या डोक्यावर शाईनं बारीक आकडा होता. ‘१’ हा आकडा सगळ्यात पुढच्या बाईच्या डोक्यावर. पहिले चारी आकडे बायकांचे, पुरुष पाचापासून पुढं. सुरुवात कुणी केली, हे आमच्या ग्रंथालयाला ठाऊक नव्हतं. ज्यांना शिक्षा करायची होती त्यांना ते नीट ठाऊक होतं.

सोनाबाई पदरानं आधी फोटोची काच पुसायला गेली, मग लक्षात आलं की काच नाही, आणि तिनं हात मागं घेतला.

“मागं नावं हायेत म्हनं. वाचा की,” ती म्हणाली.

मला चष्मा सापडेना, म्हणून विश्वासनंच फोटो उलटा केला. तोवर चष्मा माझ्या खिशातच निघाला आणि मी त्याच्या खांद्यावरून बघू लागलो. मोडीचं वळण असलेली जुनी बाळबोध अक्षरं, पण लागत होती. पहिलं नाव होतं, ‘चंद्री’. दुसरं ‘भागी’. मग ‘राधी’, ‘ठकी’. पुढं पुरुषांचीही तशीच, ‘धोंड्या’, ‘सख्या’, ‘मारत्या’.

विश्वास थांबला. मग तो सावकाश वाचू लागला. “चंद्राबाई. भागाबाई. राधाबाई. ठकूबाई. धोंडीबा. सखाराम. मारुती...” पंधराच्या पंधरा नावं त्यानं अशी वाचली.

सोनाबाई प्रत्येक नावाला मान हलवत होती. शेवटी म्हणाली, “तुज्या आज्यानं असं लिव्हलं नसंल.”

विश्वासनं फोटो सुलटा करून टेबलावर ठेवला.

“त्यो आमाला बाई म्हननारा मानूस न्हवता. म्या वळखत व्हते त्याला.” तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. “तू म्हनलास. बरं वाटलं.”

मला वाटतं माझ्या भाषणाच्या ठरलेल्या जागा सोडून दुसरीकडं कुठं माझा आवाज भरून येण्याचा तो पहिलाच प्रसंग. सुदैवानं मला काही बोलायचं नव्हतं.

जाताना विश्वासनं एकच अट घातली. फोटो ग्रंथालयाला कायमचा दिला, मागची बाजूही लोकांना दाखवा, पण आई आहे तोवर गावाचं नाव आणि आडनाव छापून आणू नका. ही अट मानावी की नाही यावर समितीत वाद झाला. काहींचं म्हणणं, झाकलेला इतिहास तो कसला इतिहास? त्यांचं खरं होतं. मी अट मानावी या बाजूनं मत दिलं आणि बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन इंच कापणाऱ्या माणसानं झाकण्याबद्दल फार मत देऊ नये, असं एक सभासद म्हणाले. मी ते इतिवृत्तात घेतलं.

दगडावर तोवर चार पुरुषांची नावं कोरून झाली होती. नवा दगड मागवण्याऐवजी कारागिरानं तोच उलटा केला आणि मागची बाजू घासून तिच्यावर पंधरा नावं कोरली. त्यामुळं कुणी फलकाला वळसा घालून पाण्याच्या बाजूला गेलं तर माझी चूक तिथं सुवाच्य अक्षरात वाचायला मिळते.

ग्रंथालयात नवा फोटो लावायच्या दिवशी सोनाबाई आली होती. या खेपेला फ्रेम फोटोच्या मापानं करून घेतली होती, चार दिवस थांबून. मी नावांची पट्टी लिहिली, तिला वाचून दाखवली आणि म्हणालो, “मावशी, बघा, पंधरा माणसं. पंधरा नावं. आता कुणी राहिलं नाही.”

“एक ऱ्हायलं,” सोनाबाई म्हणाली.

मी काचेला नाक लावून परत मोजलं. पंधरा. कडा तपासल्या. फ्रेमखाली काही दबलं नव्हतं.

“कुठंय मावशी? मला तर दिसत नाही.”

“कसं दिसंल? आयला तवा सातवा म्हयना व्हता,” ती म्हणाली आणि घागरीच्या खालच्या बाजूला काचेवर बोट टेकवलं. “ही मी.”

मी नोंदवही उघडली. कागद मागितला नाही.